डावीकडून सुरुवात

एक गाढवपणा सांगतो. तसे आयुष्यात मी पुष्कळ केले, पण ते करताना आपण कुठेतरी चुकतोय अशी निदान शंका तरी यायची. हा मात्र मी अगदी प्रार्थना करून, डोळे मिटून केला.

कल्याणला शाळामास्तर होतो तेव्हाची गोष्ट. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही दहा-बारा ख्रिस्ती कुटुंबं होतो, बहुतेक रेल्वेतली. दर शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी बायबलचा अभ्यास असायचा. अध्याय आठवडाभर आधी सांगून ठेवायचा. मग शनिवारी चटईवर गोल बसायचं आणि माझ्या उजवीकडून सुरुवात करून प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक ओवी वाचायची. वचनाला आम्ही ओवी म्हणतो. पाळकसाहेब ठाण्याला राहायचे, महिन्यातून एकदा यायचे, त्यामुळे अभ्यास घेणं माझ्याकडे. आता तुम्हीच विचार करा, आठवडाभर पोरांना शिकवूनही ज्याचं पोट भरत नाही, अशा माणसाच्या हाती शनिवारी मोठी माणसं दिलेली.

आमच्यात सगळ्यांत नेमाचे म्हणजे याकोबमामा. रेल्वेत गँगमन. रूळ तपासत आंबिवलीपर्यंत चालत जाणारा माणूस. दाराजवळची चौथी जागा मामांची. तिथे दुसरं कुणी बसलं तर मामा उभे राहायचे, पण जागा बदलायचे नाहीत. मला वाटायचं, वाऱ्याला बसायची हौस असेल. पाळी आली की पुस्तक समोर धरून अशी खणखणीत ओवी म्हणायचे की शेजारचे लोक खिडकीतून डोकवायचे.

एका शनिवारी मला वाटलं, अभ्यासाला जरा तोचतोचपणा आलाय, लोकांना हुरूप आणला पाहिजे.

"आज डावीकडून सुरुवात," मी जाहीर केलं.

मामांची पाळी आली आणि मामांनी भलतीच ओवी वाचली. बाकी सगळे आठवीवर, मामा चौथीवर. मी वर्गात म्हणतो तसं म्हणून गेलो, "मामा, लक्ष कुठे आहे तुमचं?"

सगळे हसले. मामाही हसले. आणि पुढच्या शनिवारपासून यायचे बंद झाले.

दोन शनिवार वाट पाहिली. मग माझ्या मनाने घेतलं की मामांचा विश्वास थंड पडलाय आणि त्यांना उत्तेजन देणं हे माझं कर्तव्य आहे. गेलो रेल्वेच्या चाळीत.

"सलाम मामा. येत का नाही तुम्ही?"

"डोळ्यांनी दिसत नाही हो मास्तर अलीकडे."

एवढंच ना? दुसऱ्या दिवशी बाजारातून चष्मा आणला. मामांनी तो निमूटपणे चढवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झकास." मी निघालो तेव्हा दारात आले, चष्मा काढला आणि पार विहिरीकडे बोट दाखवून म्हणाले, "जपून जा मास्तर, तिथं काच पडलीय." मला ती काच जवळ गेल्यावर दिसली. मी तिथेच थांबून विचार केला, नक्की चष्मा कुणाला लागलाय?

तरी मामा आले नाहीत.

"चष्मा आहे, पण पुस्तकातलं अक्षर लई बारीक," म्हणाले.

मी ठाण्याला जाऊन पाळकसाहेबांकडून मोठ्या टायपाचं बायबल आणलं. उशीएवढं होतं. मामांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, फळीवर ठेवलं आणि वर धुतलेला रुमाल घातला. आठवड्याने गेलो तर रुमालाची घडीसुद्धा मोडली नव्हती.

"वाचलं नाहीत ना मामा?"

"धाकटं पुस्तक आहे ना, त्यातनं ही वाचते रोज. मी ऐकतो."

झालं. मी तासभर बोललो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं वचन उपयोगाचं नाही, ते प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं पाहिजे, असं बरंच काही. मामा जमिनीकडे बघत होते. आत शांतामामी भांडी जरा जास्तच जोरात घासत होत्या. मला वाटलं, उपदेश दोघांनाही भिडतोय.

त्यापुढच्या खेपेला मामा म्हणाले, "गुडघे धरलेत. चटईवर बसवत नाही." त्याच सकाळी मी त्यांना आंबिवलीकडून चालत येताना पाहिलं होतं.

माझं डोकं चालेना. डोळे चांगले, पाय चांगले, बोलणं गोड, मग माणूस बिघडलाय कुठे? रात्रभर प्रार्थना केली आणि सकाळी मार्ग सापडला. मामा सभेला येत नाहीत ना? सभाच मामांकडे न्यायची. तीही न कळवता, म्हणजे मामांना आनंद होईल.

शनिवारी आम्ही अकरा माणसं मामांच्या दारात उभी राहिलो. शाळेत अचानक तपासनीस आल्यावर माझा चेहरा जसा होतो, तसा मामांचा झाला. मी त्यांना गुडघ्यांसाठी खुर्चीवर बसवलं. फळीवरचं बायबल काढून मांडीवर दिलं. चष्माही मीच डोळ्यांवर चढवला.

"आज ठरलेला अध्याय नाही," मी म्हणालो. "मी मामांसाठी खास वेगळा निवडलाय. आणि पाळीपाळीने नको, घरचे धनी आहेत, मामाच सगळा वाचतील."

मामांनी पुस्तक उघडलं. ओठ हलले, आवाज निघेना.

"मास्तर," आतून शांतामामींची हाक आली, "जरा आत या. चहाचं बघायचंय."

मी चहाचं काय बघणार? पण गेलो. मामींनी चुलीपुढून मान वर केली. डोळे भरलेले होते, धुराने नव्हे.

"त्यांना अक्षर येत नाही, मास्तर."

"म्हणजे? इतकी वर्षं वाचतायत की."

"मी आठवडाभर पाठ करून घेते. चौथी जागा, चौथी ओवी. एखादा माणूस आला नाही तर म्हणून तिसरी आणि पाचवीसुद्धा. तुम्ही डावीकडून सुरू केलंत. वर लक्ष कुठे आहे म्हणालात."

चष्मा, उशीएवढं बायबल, तासभराचा उपदेश, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

"त्या दिवसापासून अख्खे अध्याय पाठ करतायत," मामी म्हणाल्या. "मास्तरांनी कुठूनही सुरुवात केली तरी चालेल, असं झालं की परत जायचं म्हणाले. आजचाही विचारून घेऊन पाठ केलाय. तर तुम्ही भलताच काढलात."

बाहेर दहा माणसं मामांकडे बघत होती. मला रडायचं होतं, पण त्याला वेळ नव्हता.

बाहेर येऊन मी मामांच्या मांडीवरचं पुस्तक मिटलं. "पुस्तकं ठेवा सगळ्यांनी. आज ठरलेलाच अध्याय, पण पाठ म्हणायचा. बघू कोणाकोणाला येतो. मामा, करा सुरुवात."

मामांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. चष्मा काढून खिशात ठेवला आणि सुरू झाले. एक ओवी चुकली नाही, एक शब्द अडला नाही. अध्याय मी वीस वेळा तरी वाचलेला होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मग बाकीच्यांची पाळी. कुणाला एक ओवी आली, कुणाला अर्धी. मी प्रत्येकाला मान हलवून उत्तेजन देत होतो. मामा वाचले या आनंदात एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही, की चटईवर गोल बसलेल्यांत मीही होतो. सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी घसा साफ केला. पहिली ओवी म्हणालो. दुसरीचे तीन शब्द म्हणालो. पुढे काय? मी छताकडे पाहिलं, छताने काही सांगितलं नाही. मिटलेल्या बायबलकडे हात जायला लागला, तो मीच मागे घेतला.

याकोबमामा खुर्चीतून जरा पुढे वाकले आणि फार मायेने म्हणाले, "मास्तर, लक्ष कुठं आहे तुमचं?"