फ्लॅश न मारता काढलेला फोटो

नातीनं काकडीवर व्हिनेगर ओतलं आणि ताडकळसच्या आमच्या फोटो स्टुडिओतली फिल्म धुण्याची आंबूस वासाची खोली मला आठवली. एकदा रात्रीच्या मैफलीत गाणाऱ्या एका बाईंची समाधी मोडू नये म्हणून एका गॅसबत्तीच्या उजेडात मी फ्लॅशविना फोटो काढले होते. अक्कल बेताची, तोरा लय! उजेड कमी, म्हणून फिल्म औषधात दीडपट वेळ ठेवली.

सासरे दाराबाहेरून ओरडले, “सूनबाई, काढ आता, वाया जाईल ती!”

“जाऊ द्या, मामंजी!” म्हणत मी बाईंचंच गाणं बेसूर गात फिल्मचा डबा हलवत राहिले.

फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे उमटले, पण बाईंचे मिटलेले डोळे स्पष्ट आले.

नात मोबाईलवर तोच फोटो बघत म्हणते, “आजी, दाणे काढून टाकू?”

खबरदार! तेव्हा सासऱ्यांचं ऐकलं न्हाई, आता तुझं ऐकू व्हय?