मोठ्या मापाचे दात

दवाखान्याच्या मागच्या खोलीत मावशी कवळ्या बनवायची. पुढे डॉक्टर माप घेत आणि तोंडात एकही दात नसला तरी "छान, छान, अगदी छान" म्हणत. मागे मावशी त्या मापाचा पांढरा साचा ओतायची आणि त्यावर गुलाबी मेणात एकेक दात उभा करायची. सगळा मोहल्ला तिला मावशी म्हणे. वहिनी म्हणणारी माणसं दोनच. एक तिची नणंद, जी पुढच्या टेबलावर नंबर लावायची. दुसरा सहा वर्षं फिरकला नव्हता. तो एका सकाळी दारात उभा राहिला.

"वहिनी, फगळे दात गेले," तो म्हणाला. "नुफतं पातळ खातोय. डॉक्टर म्हणतात, अफाच राहिलाफ तर फंपलाफ."

एरवी असं बोलणं कानावर पडलं की मावशीला हसू दाबावं लागे. पूर्वी ती घरी जाऊन नवऱ्याला पेशंटांच्या हुबेहूब नकला करून दाखवायची आणि तो पोट धरधरून हसायचा. "पुरे गं, मरेन," म्हणायचा. गेल्या सहा वर्षांतल्या नकला तशाच साठून राहिल्या होत्या. दाखवायच्या कुणाला?

आज मात्र हसू आलं नाही, कारण हाच तो ड्रायव्हर. बसडेपोत तिचा नवरा गाडीखाली पाना घेऊन दुरुस्ती करत असताना यानं न बघता गाडी मागे घेतली होती. दोघं जिवलग दोस्त, दर रविवारी चर्चमध्ये खांद्याला खांदा लावून गाणारे. चौकशीत हा म्हणाला, "मी हॉर्न दिला होता. त्यानंच ऐकलं नाही." हॉर्न वाजलाच नव्हता. शेजारी गाडी धुणाऱ्यानं तसं मावशीला सांगितलं होतं, पण साहेबासमोर त्याची जीभ टाळूला चिकटली. कागदावर लागलं: चूक मयताची. तेव्हापासून मावशीला एकच हवं होतं. या माणसाच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "हॉर्न दिला नव्हता" एवढं ऐकायचं होतं.

तो गेल्यावर नणंद आत आली. तिचं कुजबुजणंसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जायचं.

"आलं ना ध्यान पायानं चालत! वहिनी, आतून एक कण खरखरीत ठेव. एवढुस्सा. घास घेतला की माझा भाऊ आठवला पाहिजे मेल्याला."

मावशीला विचार गोड वाटला हे खरं. कवळीच्या आत केसभर उंचवटा राहिला तर हिरडी रोज सोलवटते, आणि बनवणाऱ्यानं "सवय होईल हो" म्हटलं की कुणी नाव ठेवत नाही. दोन दिवस ती तो उंचवटा मनातल्या मनात घडवत बसली.

तिसऱ्या दिवशी अडचण आली ती दातांचीच. ड्रायव्हरचा जबडा हा एवढा रुंद. त्या मापाचे दात महिनाभर येणार नाहीत, असं दुकानदारानं कळवलं. डॉक्टर म्हणाले, "छान," आणि मग चष्मा पुसत, "पण महिनाभर हा कसा काढणार, मावशी?"

त्या मापाचा एक संच होता. मावशीच्या कपाटात, पत्र्याच्या डबीत, मेणात बसवलेला. नवऱ्यासाठी लावलेला. पुढचा एक दात तिनं मुद्दाम जरासा तिरका ठेवला होता, त्याचा होता तसाच. मेणातली कवळी एकदा घालून बघताना आरशासमोर तो म्हणाला होता, "आता मी हसलो की दात हसले?" पक्की करायची तेवढी राहिली होती. अजूनही कधीकधी ती डबी उघडायची आणि हसू जिथून सुरू व्हायचं त्या जागेवर बोट ठेवायची.

रविवारी ती बाकावर बसली, शेजारची जागा सोडून, नेहमीसारखी. समोर क्रूस होता. लहानपणापासून ऐकलेलंच, की खिळे ठोकणाऱ्यांसाठी प्रभूनं क्षमा मागितली. त्या दिवशी तिला वेगळंच टोचलं. त्यांनी आधी कुठे "चुकलं" म्हटलं होतं? हातोडा तर चालूच होता.

घरी येऊन ती नणंदेला म्हणाली, "डबीतले दात देतेय त्याला."

नणंदेच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "दादाचे? त्याला? वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"प्रभूनं नाही का केलं?"

"तो देव होता गं बाई! आपण दोन खोल्यांत राहतो!"

"म्हणून तर नुसते दातच देतेय."

नणंद हसली, मग तोंड फिरवून रडली.

सोमवारी मावशीनं मेण कोमट पाण्यात धरलं. दात एकेक करून सुटायला लागले. शेवटचा तो तिरका. तो बराच वेळ तिच्या तळहातावर राहिला. मग ड्रायव्हरच्या साच्यावर तिनं तो सरळ लावला. दुसऱ्याच्या तोंडात आपलं माणूस कोंबायचं नाही, एवढं तिला कळत होतं. मेणाच्या जागी प्लास्टिक भरून कवळी पक्की झाली. आतली बाजू तिनं बोटानं तीन-तीनदा तपासली. कुठे कण लागला की घासून काढला.

ड्रायव्हरनं कवळी बसवली. मावशीनं, कुठे जास्त टेकतंय ते कळायला, निळा कागद दातांत धरायला लावला, डाग बघितले, घासलं, परत बसवली. मग पावाचा तुकडा दिला. तो चावला. सावकाश, डोळे मिटून.

"वहिनी," तो म्हणाला. आवाज सहा वर्षांपूर्वीचा, गाण्यातला. "सगळं स्वच्छ येतंय बोलायला."

मावशीनं हातातलं काम थांबवलं. त्यानं तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. ओठ हलले. मग त्यानं टोपी घातली आणि तो घाईघाईनं निघाला.

नणंद पडद्याआडून उडी मारूनच आली. "बोलला?"

"नाही."

"बघ! गेले ना दात फुकट!"

मावशी रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. "उजवीकडे थोडं लागतंय त्याला," ती म्हणाली. "गुरुवारचा नंबर लाव."