आईच्या खोलीचा झोन

कुवेतला थंडी पडते, हे नाशिकच्या नातेवाइकांना मी कधीच पटवू शकले नाही. वाळवंटात कसली आलीये थंडी, म्हणून ते हसायचे. जानेवारीत पहाटे ड्यूटीला निघालं की वारा हाडांत शिरायचा आणि घरातल्या फरशीवर अनवाणी पाऊल टाकवत नसे. तिथली घरं बांधतात ती उन्हाळ्यासाठी. हिवाळ्याचं ज्याचं त्याने बघायचं. सालमियातल्या आमच्या दोन खोल्यांत चाकांवरचा एक हीटर होता. संध्याकाळी तो हॉलमध्ये असायचा, झोपताना बेडरूममध्ये ढकलायचा, आणि त्याच्यामागे आम्ही चौघं.

माझी थोरली बहीण कुवेतमध्येच, मंगफला. तिचे यजमान, आमचे भावोजी, तेल कंपनीत इंजिनिअर. माझा नवरा कुवेत सिटीतल्या एका ऑफिसात अकाउंटंट आणि मी एका दवाखान्यात नर्स. ताईचं घर दुमजली. आमच्या अख्ख्या फ्लॅटएवढा तिचा नुसता दिवाणखाना. मी तिच्याकडून परत आले की दोन दिवस माझं घर मला आवडायचं नाही. मनाची समजूत वगैरे घालायच्या भानगडीत मी पडत नसे. हेवा वाटायचा, सरळ हेवा.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला भावोजी इंग्लंडला ट्रेनिंगला गेले आणि येताना हीटिंगचं नवं प्रकरण घेऊन आले. प्रत्येक खोलीत भिंतीवर विजेचा हीटर, आणि त्या हीटरला हुकूम सोडणारी एक पांढरी डबी. डबीला वायर नाही. खोलीत कुठेही ठेवा, ती तिथली ऊब मोजणार आणि हीटर चालू-बंद करणार. जिन्याखाली टीव्हीसारखा एक छोटा पडदा, त्यावर साऱ्या घराचा हिशोब: कुठल्या खोलीत किती डिग्री. एकेक खोली म्हणजे एकेक झोन.

एका शुक्रवारी जेवायला म्हणून बोलावलं आणि आम्हाला कामाला जुंपलं. भावोजी जिन्याखालच्या पडद्यापाशी बटण दाबून उभे, आणि मी डबी घेऊन वरच्या मजल्यावर. त्यांनी खालून ओरडायचं, “हिरवा दिवा लागला का?” मी वरून ओरडायचं, “लाल आहे अजून!” काँक्रीटच्या भिंतींतून सिग्नल जाईना. जिने चढून-उतरून माझे गुडघे बोलायला लागले. ताई खाली पुऱ्या तळत होती आणि मधूनच विचारत होती, “झालं का गं?”

अखेर सगळ्या डब्या जोडल्या गेल्या आणि भावोजींनी पडद्यावर झोनना नावं दिली. हॉल. मास्टर बेडरूम. मुलांच्या खोल्या. शेवटी त्यांनी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं: AAI.

आमची आई महिनाभराने यायची होती. पहिल्यांदाच. ती कुणाकडे राहणार याबद्दल कुणी अजून शब्दही काढला नव्हता, आणि इथे तिच्या नावाचा झोनसुद्धा तयार होता! जेवायला बसलो, तर मी एकाच पुरीवर उठले.

आई आली आणि अर्थातच मंगफला उतरली. तिचे गुडघे दुखायचे. तिला उबेत ठेवायला हवं हे मलाही कळत होतं. तरी मी रोज दवाखान्यातून फोन करायचे आणि आधी तेच विचारायचे, “थंडी नाही ना वाजत?”

पहिले काही दिवस ती छान आहे म्हणाली. मग एकदा म्हणाली, “खोलीत गारठा आहे गं. रात्री दोन-दोन पांघरुणं घेते.”

मला इतका आनंद झाला की मी फोनवर हात ठेवून हसले.

भावोजी चक्रावले. पडद्यावर आईची खोली घरात सगळ्यात उबदार! त्यांनी टेस्टर लावून हीटर तपासला, तो ठणठणीत. डबीचे सेलही बदलले. पण डबी होती आईच्या देवांच्या फळीवर, आणि आंघोळ केल्याशिवाय त्या फळीला हात लावायचा नाही हा आईचा नियम. भावोजी कामावरून येणार, दाराशी उभे राहणार. आई डबी आणून त्यांच्या हातात देणार, ते सेल घालून परत देणार, आई ती होती तिथे ठेवणार. एवढा मोठा इंजिनिअर, पण सासूच्या देवांपर्यंत काही पोहोचला नाही. शेवटी त्यांनी वयावर ढकललं. “आईंचं रक्त पातळ झालंय,” म्हणाले.

मी ताईला म्हटलं, “तुमची खोली दुरुस्त होईपर्यंत मी नेते तिला.” ताई नाइलाजाने हो म्हणाली. मी घरी झपाटल्यासारखी कामाला लागले. मुलांच्या गाद्या हॉलमध्ये हलवल्या, हीटर आईच्या पलंगापाशी नेला, दुकानं पालथी घालून बाजरीचं पीठ मिळवलं. इतके दिवस ताईची आई होती, आता माझी होणार होती.

शुक्रवारी सकाळीच आम्ही मंगफला पोचलो. आईची बॅग भरलेली होती. मी ती उचलायला खोलीत गेले. खोली थंडगार. फळीवर देव, देवांपुढे तेलाचा दिवा. आई तो दिवसरात्र तेवत ठेवायची. आणि खिडकीच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याने तो विझू नये म्हणून तिने ती पांढरी डबी दिव्याला अगदी खेटून, आडोशाला उभी केली होती.

माझ्या एका क्षणात लक्षात आलं. गरम चहा पिऊन आलेल्यांच्या तोंडात थर्मामीटर खोटा ताप दाखवतो, हे मी दवाखान्यात रोज बघत होते.

गप्प राहायला काय झालं होतं? बॅग हातात होती. पण भावोजी मागे उभे होते, त्यांच्या इंग्लंडसकट, आणि मला राहवलं नाही. “अहो भावोजी,” मी सगळ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडले, “तुमची डबी दिव्याचा ताप मोजतेय! खोलीचा नाही!”

काय हसले सगळे. माझा नवरा तर अभिमानाने फुलला. भावोजींनी हात जोडले. माझी आंघोळ झालेलीच होती; मी डबी उचलून समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याला लावली. थोड्या वेळाने हीटर कट्‌ करून चालू झाला आणि जेवणं होईपर्यंत आईने शाल काढून ठेवली.

“चला, बॅग गाडीत ठेवूया,” मी म्हटलं.

“आता कशाला?” ताई म्हणाली. “झाली ना खोली गरम.”

मी आईकडे बघितलं. ती शालीची घडी घालत होती. मग मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तशी माझ्यामागे आली आणि हळू आवाजात म्हणाली, “हिच्याकडेच राहू दे मला. जावई कामावर, पोरं दारं लावून आपापल्या खोलीत. काही विचारलं तर इंग्रजीत उत्तर देतात. दिवसभर बोलायला माणूस नाही गं हिला. रडते कधीकधी.”

“आणि मी?”

“तुझं काय? तुझं सगळं नीट आहे. तुला काही सांगावं लागत नाही.” तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. “आता दिव्याचंसुद्धा तुलाच कळलं की नाही?”

मी ग्लास विसळून ठेवला. ताईच्या घराचा, गाडीचा, हीटरचा हेवा मला होताच. त्या दिवशी तिच्या रडण्याचाही वाटला. गाडीत बसले आणि दार जोरात आपटलं.