रणजा पुलावर थांबली

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरचे नाही — आणि घरच्यांना सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

आधी खेळाचं सांगते. ऐंशीच्या दशकात दादा पुण्याहून शिकून जुन्या जालन्यात परत आला. आला होता कापडाचं दुकान सांभाळायला, पण येताना मित्रांकडून एक परदेशी खेळ शिकून आला. पट नाही, पत्ते नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि पुढे काय करायचं ते आपापलं ठरवायचं. जमलं की फसलं, हे फाशांवर. तसले बहुकोनी फासे जालन्यात कुठले मिळायला? आम्ही चिंचोके फोडून घेतले. पांढरी बाजू वर आली की जमलं, काळी आली की फसलं. नियम एकच, पण कडक — चिंचोक्यांनी दिलेलं आणि आपण तोंडाने बोललेलं मागे घ्यायचं नाही.

दादाने तळवेस नावाचं राज्य रचलं. तिथली नदी रुसून जमिनीखाली गेलेली, तिला परत आणायचं. मी झाले तलवारवाली रणजा. वहिनी नुकत्याच लग्न होऊन जाफराबादहून आल्या होत्या. उन्हाळ्यातल्या एका दुपारी त्या माडीवर चहा द्यायला आल्या आणि तिथेच बसल्या. त्या झाल्या दिवटी, मशाल धरून चालणारी. दहावी शिकलेल्या वहिनी बोलायला लागल्या की दादासुद्धा आपली गोष्ट विसरून ऐकत बसे. मी तेव्हा मराठीत एम.ए. करत होते. मला ते बरं वाटलं का? — खोटं कशाला बोलू, नाही वाटलं.

भुयारातल्या पुलावर नदीची राखणदारीण आडवी आली. एकीने तिला अडवायचं, दुसरीने पार जायचं. पाळी माझी होती. मी म्हणाले, रणजा पळते. चिंचोके टाकायचीही वेळ आली नाही, दिवटी तिथेच बुडाली. दादा मला किती तरी दिवस पळपुटी म्हणत होता. वहिनी नुसत्या हसल्या. "जाऊ द्या हो, घाबरली असंल पोर."

पुढे दादाला दुकानातून उसंत राहिली नाही, खेळ बंद पडला. वहिनींच्या डोक्यातून मात्र तळवेस गेलं नाही. पोरांचं करून, आमच्या आईचं पथ्यपाणी सांभाळून त्यांनी त्यावर अख्खी कादंबरी लिहिली. कुणाला पत्ता नाही. मी तोवर औरंगाबादला नोकरीला लागले होते. एका दिवाळीला त्यांनी जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं बाड माझ्या हातात दिलं. "शैला, तू शिकलेली हाईस. तिथं छापणारे असतात म्हणं. दाखवून येशील का? बिलकुल घाई न्हाई." प्रत एकच होती.

एसटीत मी गाठ सोडली. काय शोधलं असेल? — स्वतःला. मधलीच पानं उघडली आणि रणजा पुलावर मरते आहे एवढं दिसलं. डोक्यात तिडीक गेली. खेळात जिवंत राहिलेल्या मला या कोण मारणाऱ्या? आणि खरं सांगू? — त्याहून जास्त खुपलं ते हे, की ते पान सुंदर होतं.

मी ते बाड कुठेही नेलं नाही.

संक्रांतीच्या आधी घरी गेले तेव्हा सांगितलं, नाही म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी — पण वहिनींनी विचारलं, काय म्हणाले? आणि मी म्हणाले, भाषा गावंढळ आहे म्हणाले, आणि बाड ते परत देत नाहीत. जागच्या जागी रचलं मी हे. वहिनी थोडा वेळ सुपातले तीळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्यापायी तुला ऐकून घ्यावं लागलं बघ."

त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. आणि माझ्यासमोर त्या जपून बोलायला लागल्या, पुस्तकातल्यासारखं, एकेक शब्द तोलून. माझ्याशी — घरच्या माणसाशी.

बरीच वर्षं मी त्या गाठीला हात लावला नाही. मग एका आजारपणात पडल्या पडल्या सगळं वाचून काढलं. रणजा त्यात पळत नाही. ती पुलावर थांबते, दिवटीला म्हणते, "उजेड तू ने. मला अंधार चालतो," आणि मरते. म्हणून दिवटी पार जाते, म्हणून नदी परत येते. खेळात घडलेलं वहिनींनी तेवढंच बदललं होतं. नियम मोडला तो माझ्यासाठी. मला पळपुटी ठेवणं त्यांच्या जिवावर आलं असेल. मी खूप रडले, पण रडून काय होतं?

पुढे लोडशेडिंगचे दिवस आले. जालन्यात आम्ही दोघी जेवत होतो आणि वीज गेली. वहिनी कंदील लावून घेऊन आल्या, पण स्वयंपाकघरात परत जायचं तर तो माझ्याजवळ ठेवावा की न्यावा, म्हणून घुटमळल्या. माझ्या तोंडून निघून गेलं — उजेड तू ने, मला अंधार चालतो.

मी त्यांना कधी 'तू' म्हणत नाही. वहिनी थबकल्या.

"शैला, तू वाचलं होतंस?"

मी हो म्हणाले.

"मला वाटायचं, त्या लोकांशिवाय कुणी वाचलंच नाही. आवडलं होतं का तुला?"

मी पुन्हा हो म्हणाले. त्यांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

सांगायचं तर तेव्हाच होतं. बाड माझ्या कपाटात होतं, आजही आहे. वहिनी आत गेल्या, तव्यावरचं गरम धपाटं घेऊन आल्या आणि त्यांनी ते माझ्या ताटात वाढलं. मी ते खाल्लं.