माणसांवाचूनचं लोणार

माणूसजात संपल्यावर यंत्रांचं कसं होईल, या काळजीने ताटावरून उठणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि ते माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. लोणारच्या बाजारात त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान बंद करताना ते भिंतीवरच्या घड्याळांना "येतो" म्हणत. सुलतानपूरचे एक गृहस्थ दुरुस्त झालेलं घड्याळ न्यायला आले, तर त्यांना म्हणाले, "आताच बरं झालं ते. दोन दिवस पडू द्या." आत्या म्हणायची, एवढी विचारपूस माझ्या गुडघ्यांची झाली असती, तर मी रोज विवर उतरून तळ्यापर्यंत जाऊन वर चढून आले असते.

यात दोष माझाही आहे. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी जवळच्या बीबी गावात मास्तर होतो, आणि परदेशात यंत्रमानव बनवतात असा एक लेख मीच त्यांना वाचून दाखवला. अणुबाँबचं त्यांनी आधीच ऐकलं होतं. दोन्हींची बेरीज करून ते म्हणाले, "म्हंजे आपण जाऊ अन् ते राह्यतीन. त्यायले थांबा म्हणून कोण सांगीन?" मग दोन वर्षं खपून त्यांनी एक पेटी केली. चहाच्या खोक्याची, दोन भिंगांची. काळं कापड डोक्यावर घेऊन आत पाहिलं की आरशांमुळे लोणार दूरवर पसरलेलं दिसे. बाजार, देवळं, तळं, आणि माणूस एकही नाही. चावी दिली की पत्र्याच्या बाहुल्या हलू लागत. एक पाणी ओढी, एक रस्ता झाडी, एक भाकरी थापी. चावी उतरेपर्यंत बोलायचं नाही, हा नियम. बहुतेक लोक जत्रेतल्या बायस्कोपातला ताजमहाल कुठे आहे म्हणून विचारत आणि उठून जात. एका भाजीवाल्या बाईने मात्र बराच वेळ पाहिलं आणि नियम मोडून विचारलं, "हे भाकर कोणासाठी थापून राह्यली, भाऊ?" आतोबा आठवडाभर खुशीत होते.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तरी बोटांच्या अंदाजाने त्यांनी प्रत्येक बाहुलीची स्प्रिंग नव्याने बसवली आणि मला बोलावलं. "मास्तर, आखरीले कोण थांबते, तेवढं पाहून सांग." मी बसलो, पण बीबीची एस.टी. लागली होती. अर्ध्यातच डोकं बाहेर काढलं. दुकानातल्या टिकटिकीत आतोबांनाही पेटीचा आवाज वेगळा कळत नसे. त्यांना बरं वाटावं म्हणून मी सांगितलं की सगळ्या एकदमच थांबल्या, अगदी बरोबर.

"एकदमच? मंग चुकलं माह्यं. एक तं मागं राह्यली पाह्यजे, बाकीच्यायवर कापड घालायले."

त्याच आठवड्यात त्यांनी पेटी खोलली. ती पुन्हा त्यांच्याने जुळली नाही. मधल्या काळात मी चारदा लोणारला गेलो, आणि खरं सांगायला आता उशीर झाला, असं चारही वेळा मला वाटलं. हिवाळ्यात ते गेले.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या सगळ्या बाहुल्या परातीत घेऊन बसली होती. तिला मी सांगून टाकलं. ती रागावली नाही. एका बाहुलीवरची धूळ पदराने पुसत म्हणाली, "मंग आखरीले कोण थांबे, बाबू?"

मी म्हणालो, ते मी पाहिलंच नाही.

"मीबी कधी नाही पाह्यलं," आत्या म्हणाली, आणि आम्ही दोघं त्या परातीकडे पाहत बसलो.