तात्यांनी बशी सरकवली

सोयरीकतात्यांना उभ्या उभ्या चहा चालत नसे. कुठल्याही घरी गेले की आधी ऐसपैस बसायचं, मग समोर येईल ती बशी रिकामी करायची आणि त्यानंतरच मुलीचा विषय काढायचा. मुरबाडपासून शहापूरपर्यंत कितीतरी लग्नं त्यांनी जुळवली. कुणी कौतुक केलं की म्हणायचे, "मी कसला जुळवतोय? मी नुसता खातो."

ते खरंही होतं. "घराचा सोभाव बशीत कळतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोह्यांवर खोबरं हात राखून पेरलेलं असलं, की चपला घालता घालता मुलाच्या बापाच्या कानाशी लागत, "पुढं बघू." बशी चाटूनपुसून ठेवली तर सोयरीक पक्की, अर्धी ठेवली तर काहीतरी खोट. हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. त्यामुळे तात्या येणार म्हटलं की बाया मिरच्या, दाणे, शेव सढळ हातानं घालायच्या.

सरळगावजवळच्या आमच्या गावात ते आमच्याच आळीत राहत. दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, ते लहानपणापासूनचे दोस्त. लग्नसराईत मोटरसायकलवरून दिवसभर हिंडत. घराघरांतला चिवडा, भजी, वडे खात, पण पाणी मात्र बेतानं पीत. परक्या घरी सारखं मोरीत जायला संकोच वाटे. व्हायचं तेच झालं. सकाळचा विधी म्हणजे त्यांना शिक्षा वाटायला लागली. "मूळव्याध असंल, जाईल," म्हणत त्यांनी बरेच दिवस अंगावर काढलं. शेवटी रक्त दिसलं तेव्हा त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, हाताला धरून शहापूरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मूळव्याध नाही, फिशर आहे. जागेला चीर पडलीय. मलम लावा, कोमट पाण्याच्या टबात बसा, पाणी भरपूर प्या. आणि जखम भरेपर्यंत तिखट, तळलेलं, मैद्याचं बंद.

"मंग मी धंदा काय करू?" तात्यांनी विचारलं म्हणे.

हे मला काकूंनी फार नंतर सांगितलं. तेव्हा त्यांना बोलायची बंदी होती. सोयरीक जुळवणाऱ्या माणसाचं असलं दुखणं चारचौघांत गेलं तर लोक दारात उभं करणार नाहीत, अशी तात्यांची समजूत. मग त्यांनी उपासाची युक्ती काढली. सोमवारी शंकराचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा. पण उपास म्हटल्यावर समोर आली हिरव्या मिरच्यांची साबुदाण्याची खिचडी आणि वर तळलेला बटाट्याचा चिवडा. दुसऱ्या आठवड्यातच सगळे देव मोकळे झाले. त्यानंतर ते पिशवीत पिकलेली केळी आणि उकडलेलं रताळं घेऊन निघत, गावाच्या अलीकडे एखाद्या झाडाआड खाऊन घेत आणि "आत्ताच जेवलो," म्हणत घरात शिरत.

पिशवीत आणखी एक वस्तू असे. डोक्यावर हंडा घेताना बाया खाली ठेवतात ती चुंबळ. काकूंनी जुन्या लुगड्याची चांगली जाडजूड वळून दिली होती. तात्या ती हळूच खाली सरकवून तिच्यावर बसत. एका घरात आजोबांनी विचारलंच, "तात्या, हंडा कुठं ठेवलास रे?"

अशा दिवसांत त्यांनी माझ्यासाठी आटगावकडचं स्थळ आणलं. मुलगा, त्याची आई आणि वडील. मी पोह्यांच्या बश्या नेऊन ठेवल्या. मुलाकडे एकदाच बघितलं आणि मला तो आवडला. आईनं पोह्यांत जीव ओतला होता. मिरची तर अंमळ जास्तच. तात्यांनी बशीकडे बघितलं आणि ती हळूच पुढे सरकवली.

मुलाच्या वडिलांनी ते पाहिलं. त्यांनीही आपली बशी खाली ठेवली. मग मुलाच्या आईनं. दादांचा चेहरा उतरला. स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "का हो तात्या, काय चुकला काय?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

तात्या चुंबळीवरून उठले. घाम पुसला.

"वहिनी, पोह्यांचा काय दोष नाय. पोरीचा नाय, घराचा नाय. दोष माझ्या बुडात हाय. फिशर झालाय मला. तिखट खाल्लं का सकाळी देव आठवतात."

कुणाला कुठे बघावं कळेना. मुलाच्या आईनं तोंडाला पदर लावला. आणि मुलाचे वडील, जे आल्यापासून एका अंगावर कलून बसले होते, एकदम म्हणाले, "आयला, तुमाला पण?"

त्यानंतर अर्धा तास माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तात्या आणि मुलाचे वडील शेजारी शेजारी बसले. पपई चालते का, नाचणीची आंबील पोटाला कशी थंड पडते, मुगाचं धिरडं बिनमिरचीचं कसं गोड लागतं. चुंबळ आळीपाळीनं फिरली. आईनं डोळे पुसून चुलीवर रताळी चढवली. माझं लग्न उकडलेल्या रताळ्यांवर ठरलं.

तात्या पुढे बरे झाले. पण आता लोक स्थळं विचारायला येत आणि जाताना अंगणात थांबून हळूच दुसरंच विचारत. तात्या ओरडायचे, "मला काय विचारतोस? रक्त दिसलं ना? आधी डॉक्टरकडं जा. लाजून बसलास तर बसायचं पण वांधं होतील."

माझे सासरे तसे अबोल. सुनेशी तर कामापुरतं. पण रोज सकाळी तात्यांना फोन लावत. सासऱ्यांची सारी नोकरी लोकलच्या वेळापत्रकावर गेलेली, त्यामुळे भाषाही तीच.

"सुटली का गाडी?"

"टायमात सुटली. तुमची?"

"आमची आज फास्ट."

मग दोघे खो खो हसत.

गेल्या पावसाळ्यात तात्या झोपेतच गेले. दहाव्याला नदीकाठी त्यांनी जुळवलेल्या जोडप्यांना उभं राहायला जागा नव्हती. त्यानंतर सासरे रोज सकाळी फोन हातात घेऊन ओटीवर नुसते बसून राहत. मी चहा ठेवत असे, तो गार होई.

एका सकाळी माझ्यानं राहवलं नाही. कप त्यांच्या हातात देत विचारलं, "बाबा, सुटली का गाडी?"

ते दचकले. मान फिरवून अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, चुकलंच माझं. मग त्यांनी चहाचा घोट घेतला.

"आज लेट हाय गो," ते म्हणाले. "जरा पपई काप."