मुठीएवढी भेग

इंदूताई आमच्या कल्याणच्या मुलींच्या शाळेत रुजू झाल्या, त्या दिवशी शिक्षिकांच्या खोलीत चर्चा झाली ती त्यांच्या हातांची. दोन्ही हातांच्या पाठी खरचटलेल्या, बोटांच्या पेरांवर खपल्या. "मांजर पाळलंय का?" मी भीत भीत विचारलं. "छे गं, कडा पाळलाय," म्हणाल्या, आणि त्याच हाताने माझ्या डब्यातलं अर्धं धिरडं उचललं. त्या कवायत शिकवायच्या, मी मराठी. देश नुकता स्वतंत्र झालेला आणि मी अजून जिन्याचा कठडा धरून उतरणारी.

नाशकाकडे त्या आपल्या मामांकडून कड्याच्या भेगेतून चढायला शिकल्या होत्या. ते मुलींना शिकवायचं, हे त्यांनी डोक्यात घेतलेलं. त्यासाठी साजेशी जागा शोधायला दर रविवारी बाहेर पडायच्या आणि सोबतीला मला ओढायच्या. मलंगगडाला त्यांनी लांबूनच हात जोडले. "तो मॅट्रिकवाल्यांचा. मला बिगरीचा वर्ग हवाय!" पारसिकच्या बाजूला एक भेग सापडली, पण ती इतकी रुंद की मूठच काय, आमच्या मुख्याध्यापिकाबाई आत मावल्या असत्या. कुठे भेग छान तर वर दोर बांधायला झाड नाही. झाड असलं तर खाली पाय ठेवायला जागा नाही. मी वैतागायचे. त्या मात्र माझी समजूत काढत पुढे चालायच्या.

शेवटी मुंब्र्याच्या डोंगरात मनासारखी जागा मिळाली. दोन मजल्यांएवढा कातळ, मधोमध मुठीएवढी भेग, खाली सपाट माती आणि माथ्यावर दांडगं उंबराचं झाड. मागून चालत माथ्यावर जायला पायवाटही होती. तिथे गुरं चारणारी एक बाई कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होती. "बाय, वर जावाला वाट हाय ना! मंग भेगंतून कशाला?" इंदूताई इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मला मात्र त्या बाईचं म्हणणं अगदी पटलं होतं.

खाडीतल्या गलबतवाल्याकडून त्यांनी जाड दोर आणला. एक टोक शाळेच्या चिंचेला बांधून दुसऱ्या टोकाला अख्खा नववीचा वर्ग ओढायला लावला, तेव्हा कुठे दोर पास झाला. मग त्या स्वतः माथ्यावर बसायच्या. आपल्या कमरेला वेगळा दोर बांधून तो झाडाला अडकवायचा, आणि चढणारीचा दोर कमरेभोवती घेऊन हळूहळू वर ओढत राहायचा. मुलगी घसरलीच तर जागच्या जागी लोंबकळणार. मुली घाई करायला लागल्या की वरून आवाज यायचा, "सावकाश! वर काय पंगत बसलीय?"

आणि मग एका मुलीच्या वडिलांनी लेकीचे खरचटलेले हात बघितले. तक्रार थेट आप्पासाहेबांकडे गेली. आप्पासाहेब म्हणजे शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष, त्यांच्यापुढे मुख्याध्यापिकासुद्धा चाचरायच्या. "हे माकडचाळे बंद," त्यांनी फर्मावलं. इंदूताई शांतपणे म्हणाल्या, "एकदा बघायला या. आमच्या शाळेतलं सगळ्यात भित्रं माणूस चढून दाखवेल. नाही जमलं तर मी दोर परत देऊन टाकते." मला कौतुक वाटलं. मग लक्षात आलं की सगळे माझ्याकडे बघताहेत.

त्या रविवारी मी आईचं नऊवारी नेसून, काष्टा घट्ट खोचून कड्याखाली उभी राहिले. आप्पासाहेब उपरणं सावरत दगडावर बसले. कमरेला दोर बांधलेला. शिकवल्याप्रमाणे पंजा सरळ भेगेत घातला, अंगठा आत दुमडला, पाऊल आडवं करून अडकवलं. पुरुषभर चढले आणि हात सुळ्ळकन सुटला! दोराला लोंबकळत मी देवाचं नाव घेत होते, आणि आप्पासाहेब उठलेच. "बस्स झालं! उतरवा त्यांना!"

"मालू, हात सुटला कसा? हाताला काय लावलंस?" वरून इंदूताई ओरडल्या.

अगंबाई! सकाळी निघताना आईने काळजीने माझ्या हातांना खोबरेल चोळलं होतं. लेकीचे हात सोलवटू नयेत म्हणून अगदी कोपरापर्यंत.

"खोबरेल!" मी रडवेली होऊन ओरडले. मुली फिदीफिदी हसल्या. इंदूताईंनी मला अलगद खाली सोडलं. आमच्या चहासाठी तीन दगडांची चूल मांडलेली होती, तिच्यातली गार राख एका मुलीने ओंजळीने आणली आणि भांडी घासावीत तसे माझे हात घासले. आप्पासाहेब म्हणाले, "अहो बाई, पुरे. कुणी तुम्हाला हसणार नाही." खरं तर मला तेच ऐकायचं होतं. पण वर दोर धरून बसलेल्या इंदूताई मला दिसत नव्हत्या, आणि मी परत फिरले तर उद्यापासून त्यांच्या मुली पुन्हा अंगणात लेझीम खेळणार होत्या. मला भयंकर राग आला. कुणाचा ते आजही सांगता येणार नाही. मी पुन्हा हात घातला.

या वेळी मूठ बसली. पाय बसला. हात सुटत नव्हता. पंगत बसलेली नाही, पंगत बसलेली नाही, असं पुटपुटत मी एकेक पंजा वर सरकवत गेले. एकदम वारा लागला, उंबराची सावली तोंडावर आली आणि इंदूताईंनी माझं बखोट धरून मला माथ्यावर घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "भीती गेली?"

"मुळीच नाही!"

"मग तर फारच छान चढलीस," त्या म्हणाल्या.

पुढे कित्येक वर्षं आम्ही त्या भेगेतून मुली चढवल्या. इंदूताई आज नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला तो क्षण आधी दिसतो. खाली मुली नाचत होत्या, आप्पासाहेब मान वर करून बघत होते. ज्यांच्यासमोर माझ्या तोंडून कधी शब्द फुटला नव्हता, त्यांना मी कड्यावरून खणखणीत आवाजात विचारलं, "काय आप्पासाहेब, येताय का वर?"

आप्पासाहेबांनी उपरणं काढलं, शेजारच्या मुलीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "जरा ती राख आणा बघू इकडे."